पोत्यांचा हिशेब, भिंतींचा हिशेब

१९८० च्या सुमाराला बेळगावात घर बांधायला काढलेला माणूस आधी गवंड्याकडे जात नसे, सरकारी कचेरीत जात असे. जागेचा उतारा, मंजूर नकाशा, अर्ज, त्यावर साहेबांची सही आणि मग सिमेंटचं परमिट. अर्जात मागितली तेवढी पोती क्वचितच मंजूर होत, आणि मंजूर झालेली एका खेपेत क्वचितच मिळत. भाव सरकारनं ठरवलेला, वाटप सरकारच्या हातात, आणि मागणीच्या मानानं माल फार थोडा. पाया खणून ठेवायचा, जोत्याचे दगड आणून टाकायचे आणि सिमेंटच्या बातमीकडे कान लावून बसायचं, असा तो काळ होता.

बेळगावच्या खासबागेतले एक मेस्त्री त्याच वर्षांत स्वतंत्रपणे कामं घेऊ लागले. त्यांचे वडील चुन्याच्या घाणीवर काम केलेले गवंडी. आता मेस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे आणि थापी मुलाच्या हातात दिली आहे. तरी गल्लीत कुठं स्लॅब पडणार असला की त्यांना बोलावणं येतंच. सिमेंटची टंचाई, सिमेंटचा सुकाळ, कौलांची सद्दी, कौलांची उतरण, वाळूची चैन आणि वाळूची मारामार, हे सगळं त्यांनी कामावर उभं राहून पाहिलं. बांधकाम मालाच्या उत्पादनाचे यश-अपयश आपण एरवी टनांत मोजतो. त्यांची मोजणी वेगळी आहे. कारखान्यातून किती माल निघाला हा एक हिशेब, आणि त्यातला किती भिंतीत जाऊन टिकला हा दुसरा. हे दोन हिशेब जुळले तरच उत्पादन झालं, असं ते मानतात.

या विचारामागे खासबागेचं घर आहे. खासबाग, शहापूर, वडगाव हा बेळगावच्या विणकरांचा पट्टा. इथं राहतं घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो. हातमागाच्या दिवसांत पुढच्या सोप्यात जमिनीत खड्डा घेऊन माग बसवत. भिंती मातीच्या, वर जवळच्या खानापूरची कौलं. पुढं यंत्रमाग आले आणि घराकडून वेगळ्याच अपेक्षा होऊ लागल्या. विजेवरचा माग प्रत्येक ठोक्याला हादरतो. सारवलेली जमीन तो हादरा पेलू शकत नाही. माग जागचा हलतो, सूत तुटतं, साडीत दोष येतो आणि जवळच्या भिंतीला चिरा पडतात.

मागाखालची जमीन करणं हे मेस्त्रींच्या हातचं खास काम. आधी माती काढायची; शिवाराकडच्या बाजूची काळी माती असेल तर जास्तच खोल जायचं, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मग दगडाची भर, त्यावर मुरूम, पाणी, धुम्मस. मागाच्या पायांच्या जागी बोल्ट ओळंब्यात धरून काँक्रीट ओतायचं आणि भिंत व ते काँक्रीट यांच्यामध्ये बोटभर फट सोडायची, म्हणजे हादरा भिंतीपर्यंत पोचत नाही. एवढं केल्यावर लगेच माग चढवायचा नाही. काँक्रीटला पाणी पाजून पुरतं पिकू द्यायचं. ज्यानं घाई केली त्याचे बोल्ट सैल झाले, आणि सैल बोल्टाचा माग कापड नीट विणत नाही. म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याचा गुण इथं थेट साडीच्या पोतावर उमटतो.

ते पोतं मिळत का नव्हतं, याचं उत्तर बेळगावात नव्हतं. १९५०-५१ साली देशात साधारण २७ लाख टन सिमेंट तयार झालं होतं. १९८०-८१ मध्ये हा आकडा १ कोटी ८६ लाख टनांच्या आसपास पोचला. तीस वर्षांत उत्पादन जवळजवळ सात पट झालं, हे यश खोटं नव्हतं. पण धरणं, कालवे, कारखाने, सरकारी वसाहती यांची भूक त्याहून मोठी होती. कारखानदाराला मिळणारा भाव सरकारनं बांधून दिलेला असल्यामुळं नवा कारखाना काढायला कुणी सहसा पुढं येत नसे. जे चालू होते त्यांना कधी कोळसा नाही, कधी वीज नाही, कधी रेल्वेच्या वाघिणी नाहीत. तुटवडा इतका वाढला की सत्तरच्या दशकाअखेर सिमेंट परदेशातून आणावं लागलं. कोरियाचे छाप असलेली पोती जुन्या गवंड्यांना अजून आठवतात.

बेळगावची आणखी एक अडचण होती. मिरजेपर्यंत ब्रॉडगेज झाली होती, पुढं लोंढ्याकडे मीटरगेज. ब्रॉडगेजनं आलेला माल मिरजेला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. पोती तागाची. चढ-उतार झाली की शिवण उसवे, सिमेंट सांडे, आणि पावसाळी हवेत पोत्याच्या कडेनं गाठी धरत. नव्वदच्या दशकात मार्गाचं रुंदीकरण झालं तेव्हा कुठं ही ओढाताण संपली.

टंचाईनं माल कमी पडतो हे सगळ्यांनाच दिसतं. ती असलेला मालही नासवते, हे मेस्त्रींनी जवळून पाहिलं. परमिट मिळालं की गरज असो वा नसो, लोक पोती उचलून घरात रचून ठेवत. पुढच्या खेपेचा भरवसा कुणाला होता? पाया पुरा व्हायच्या आत स्लॅबचं सिमेंट कोठीत येऊन पडे. बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेलं ते पोतं दमट हवा ओढत राही. सिमेंट तीन महिने पडून राहिलं तर त्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शानं घटते, सहा महिन्यांत त्याहून जास्त. काम सुरू होई तेव्हा मेस्त्री पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहत. चांगलं सिमेंट हाताला गार लागतं आणि पिठासारखं बोटांतून निसटतं. गाठ लागली तर ती दोन बोटांत दाबायची; फुटून भुकटी झाली तर चालवून घेता येई, खडा तसाच राहिला तर ते सिमेंट मेलं. पण पोटाला चिमटा काढून मिळवलेलं पोतं मेलं असं मालकाला सांगणं सोपं नसे. मग चाळणीवर चाळून खालचं वापरायचं आणि वरचे खडे जोत्याच्या भरीत टाकायचे.

दुसरा तोटा प्रमाणाचा. एकास सहा मालानं करायचं बांधकाम एकास आठ, एकास दहा असं पातळ होत गेलं. काहींनी सिमेंटात राख मिसळली. काही जुन्याजाणत्या गवंड्यांनी चुना पुन्हा जवळ केला, आणि मेस्त्रींच्या मते ते शहाणपणाचं होतं. त्यांच्या वडिलांनी चुन्यात बांधलेल्या भिंती अजून सरळ उभ्या आहेत. टंचाईच्या वर्षांत अर्ध्या सिमेंटानं उभारलेल्या काही भिंतींचा गिलावा मात्र बोटानं खरवडला तरी झडतो.

माल कमी आणि वाटप एका हातात, म्हणजे त्या हाताची किंमत वाढणारच. शेजारच्या महाराष्ट्रात हे सगळ्या देशानं पाहिलं. सिमेंटचं वाटप आणि मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर मुंबई उच्च न्यायालयानं १९८२ च्या जानेवारीत निकाल दिला आणि अंतुले यांना पायउतार व्हावं लागलं. पाठोपाठ २८ फेब्रुवारी १९८२ ला केंद्र सरकारनं सिमेंटवरचं नियंत्रण सैल केलं. जुन्या कारखान्यांनी ६६.६ टक्के माल सरकारी भावानं द्यायचा आणि उरलेला बाजारात विकायचा, असा नियम झाला. १ मार्च १९८९ ला नियंत्रण पुरतं उठलं.

याच टंचाईच्या दिवसांत मेस्त्री संध्याकाळी वाचनालयात ‘सोव्हिएत लँड’ची मराठी आवृत्ती चाळत. गुळगुळीत कागदावर क्रेननं उचललेली अख्खी भिंत, खिडकीसकट. एकेक वीट ओळंब्यात लावणाऱ्या माणसाला ते चित्र थक्क करणारं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. निकिता ख्रुश्चेव यांनी डिसेंबर १९५४ मध्ये मॉस्कोत बांधकाम क्षेत्रातल्या लोकांपुढं भाषण करून कारखान्यात घडवलेल्या काँक्रीटचा आग्रह धरला. त्यानंतर देशभर पॅनेल ओतणारे कारखाने उभे राहिले. सोव्हिएत संघाचं सिमेंट उत्पादन १९५० मध्ये सुमारे १ कोटी टन होतं. १९६० मध्ये ते साडेचार कोटींवर गेलं. १९६२ मध्ये त्यानं अमेरिकेला मागं टाकून जगात पहिला क्रमांक घेतला, आणि ऐंशीच्या दशकाअखेर आकडा १४ कोटी टनांच्या घरात पोचला. एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणाऱ्या कोट्यवधी लोकांना पाच मजली इमारतींमध्ये स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं न्हाणीघर मिळालं. भारतालाही त्या ताकदीचा लाभ झाला. सोव्हिएत मदतीनं उभारलेल्या भिलाईत पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. पुढं तिथल्या भट्टीची मळी जवळच्याच जामुलच्या कारखान्यात सिमेंट करायला जाऊ लागली.

पण त्या चित्रांमागं काय चाललं होतं, हे मेस्त्रींना फार उशिरा कळलं. तिथल्या कारखान्यांना वरून लक्ष्य यायचं आणि ते गाठलं की बोनस मिळायचा. काचेच्या कारखान्याचं लक्ष्य टनांत दिलं की काच गरजेपेक्षा जाड निघे, कारण जाड काचेनं टन लवकर भरतात. लक्ष्य चौरस मीटरवर आणलं की काच इतकी पातळ होई की वाटेतच फुटे. काँक्रीटच्या पॅनेलांचंही तेच. वजन भरत होतं, मोजमाप भरत होतं, सांधे मात्र जुळत नव्हते. इमारतींचे सांगाडे वर्षानुवर्षं अर्धवट उभे राहत. एका ठिकाणी सिमेंटचा ढीग पडलेला असे, तर दुसऱ्या ठिकाणी दारांच्या बिजागऱ्यांवाचून काम अडलेलं असे. लक्ष्य चुकायला नको म्हणून प्रत्येक कारखाना जादा माल मागून दडवून ठेवी. खासबागेतल्या कोठीत सिमेंटची पोती रचणाऱ्या माणसानं हेच केलं होतं, फक्त लहान मापात.

७ डिसेंबर १९८८ ला सोव्हिएत संघातल्याच आर्मेनियात, स्पितक भागात, भूकंप झाला. लेनिनाकान शहरातल्या जुळणी करून उभारलेल्या अनेक नऊ मजली इमारती ढासळल्या आणि सुमारे २५ हजार माणसं गेली. नंतरच्या तपासण्यांत निकृष्ट काँक्रीट आणि कच्चे सांधे पुन्हा पुन्हा पुढं आले. उत्पादनाच्या तक्त्यात ते सुटे भाग कधीच यश म्हणून नोंदले गेले होते. भूकंपाच्या त्या बातमीनं मेस्त्री फार अस्वस्थ झाले होते. टनाचा हिशेब बरोबर असूनही घर चुकू शकतं, हे त्यांना त्या बातमीनं पक्कं कळलं.

इकडं नियंत्रण उठल्यावर चित्र पालटलं. १९९०-९१ पर्यंत देशाचं सिमेंट उत्पादन पावणेपाच कोटी टनांच्या पुढं गेलं. आज ते ४० कोटी टनांच्या पुढं आहे आणि चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. परमिटाच्या रांगा नव्या पिढीला सांगूनही खऱ्या वाटत नाहीत. आता फोन केला की तासाभरात पोती दारात येतात. सामान्य माणसाला याच्याइतका सरळ फायदा क्वचितच कुठल्या धोरणानं दिला असेल, असं मेस्त्री मोकळेपणानं मान्य करतात. खासबागेतली मातीची घरं उतरली, स्लॅबची उभी राहिली, वरच्या मजल्यावर माणसं राहायला गेली आणि खाली मागांना जागा मोकळी झाली.

या सुकाळात खानापूरचं कौल मागं पडलं. कौलांचा हा धंदा मुळात मंगळूरचा. बासल मिशननं १८६५ मध्ये तिथं पहिला कारखाना काढला. खानापूरला चांगली माती होती, जंगलाचं सरपण होतं, जवळ रेल्वे होती आणि कुंभारकामाची जुनी परंपरा होती. तिथलं कौल आणि वीट बेळगावभर जाई, घाटाखाली गोव्यातही उतरे. सिमेंट स्वस्त झालं तसं छपराचं गणित बदललं. कौलारू छपराला लाकूड लागतं, वासे-रिपा लागतात, दर पावसाळ्याआधी कौलं परतावी लागतात आणि त्यावर मजला चढत नाही. मागणी ओसरली, सरपण महागलं, आणि भट्ट्या एकेक करून थंडावल्या. मेस्त्री याला नुसतं काळाचं माहात्म्य म्हणून सोडून देत नाहीत. यंत्रमागाच्या खोलीत माणूस दिवसभर उभा असतो. कौलांच्या फटींतून तिथली गरम हवा वर निघून जात होती. स्लॅबखाली ती कोंडते. स्लॅब घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ते आजही वरच्या बाजूला मोठे झरोके ठेवायला लावतात.

वाळूचं दुखणं अलीकडचं. मलप्रभा नदीच्या वाळूवर बेळगावचे दोन-तीन पिढ्यांचे गिलावे झाले. सगळीकडे बांधकामं वाढली तशी नद्यांची पात्रं खरवडली गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार खटल्यात छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी सक्तीची केली. ते योग्यच होतं, पण वाळूचा ब्रास एकाएकी दुर्मिळ झाला. त्या पोकळीत दगड फोडून केलेली वाळू, म्हणजे एम-सँड, आली. भारतीय मानकानंही २०१६ मध्ये तिला जागा दिली. नीट धुतलेली, योग्य यंत्रावर केलेली एम-सँड काँक्रीटला चांगलीच असते. पण खडी फोडताना उरलेली भुकटीही त्याच नावानं ट्रॉलीत भरून येते. भुकटी पाणी पिते; माल कालवताना कामगार आणखी पाणी ओततो आणि काँक्रीटची ताकद तिथंच जाते.

म्हणून मेस्त्री वाळू आली की आधी काचेची बरणी मागतात. अर्ध्याच्या जरा वर वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि झाकण लावून जोरात हलवायचं. तीन तास बरणी कुणी हलवायची नाही. खाली वाळू बसते, वर गाळाचा वेगळा थर दिसतो. गाळ वाळूच्या शेकडा आठपेक्षा जास्त भरला तर ट्रॉली परत. विटांची परीक्षाही अशीच साधी. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, नखानं ओरखडा उठायला नको, आणि कमरेच्या उंचीवरून टाकली तर वीट दुभंगायला नको. रात्रंदिवस पाण्यात ठेवलेल्या साडेतीन किलोच्या विटेनं ७०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यालं तर ती वीट भिंतीत घालायची नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पावसात आणि पुरात बेळगाव जिल्ह्यातली हजारो घरं पडली. विणकरांच्या वस्तीतल्या मातीच्या भिंती ढासळल्या, मागांत पाणी शिरलं. पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख रुपये जाहीर केले. सिमेंट तेव्हा हवं तेवढं होतं. वीट मात्र मिळत नव्हती. वीटभट्टी पावसाळ्यात चालत नाही, थापलेली वीट वाळायला ऊन लागतं, त्यामुळं नवा माल दिवाळीनंतरच निघतो. ज्यांच्या हातात पैसे होते त्यांनी कच्च्या राहिलेल्या विटाही उचलल्या. गवंडीही पुरेसे नव्हते. टंचाई गेली असं आपण म्हणतो तेव्हा तिनं फक्त जागा बदललेली असते: आधी सिमेंट, मग वाळू, आता जाणता हात.

आणि पाणी. स्लॅब पडल्यावर चार दिवसांत सेंट्रिंग काढायची घाई, आणि पाणी मारायचं काम घरातल्या बाईवर. “मेस्त्री, पाणी किती दिवस मारायचं ओ?” असं कुणी विचारलं की ते थांबून नीट सांगतात, “आताचं सिमेंट राख मिसळलेलं असतंय, वैनी. निदान दहा दिवस तर माराच, चौदा झाले तर उत्तम. वाफे करून पाणी तुंबवा, नुसतं शिंपडू नका.” कारखान्यातच राख मिसळलेलं सिमेंट वाईट नसतं. ते सावकाश पिकतं, पण शेवटी चांगलं पिकतं. फक्त ओलावा टिकला पाहिजे. पोत्यावर राखेचा उल्लेख छापलेला असला तरी कुणी वाचत नाही.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण बारा घनमीटर काँक्रीट. मानकाप्रमाणं एवढ्या कामाचे दोन नमुने, म्हणजे सहा ठोकळे, घ्यायला हवेत आणि २८ दिवसांनी दाबून पाहायला हवेत. सरकारी कामावर हे होतं. खासबागेतल्या खासगी घरावर जवळपास कधीच होत नाही. बेळगावात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, त्यांच्या प्रयोगशाळांत ठोकळे दाबणारी यंत्रं आहेत, आणि घराच्या एकूण खर्चाच्या मानानं हा खर्च नगण्य आहे. महापालिकेनं बांधकाम परवान्याच्या कागदांतच ही चाचणी घालावी, आणि गल्लोगल्लीच्या गवंड्यांसाठी वाळू-विटेच्या परीक्षेची दोन दिवसांची शिबिरं घ्यावीत, असं मेस्त्री गेली काही वर्षं भेटेल त्या नगरसेवकाला सांगत आहेत. तोवर ज्यांचं घर यंदा उभं राहणार आहे त्यांनी एवढं करावं: स्लॅबच्या दिवशी आपल्या इंजिनिअरला सहा ठोकळे भरायला लावावेत, आणि त्यांचा निकाल हातात आल्याशिवाय वरच्या मजल्याचं काम सुरू करू नये.